आधी अंदाज लिहा, मग बघा: शाळकरी मुलांना चक्रावून टाकणारं भौतिकशास्त्र

प्रश्न असा आहे: शाळेतल्या मुलांना चकित करतील आणि मजेत कळतील अशा भौतिकशास्त्रातल्या गोष्टी कोणत्या?

अशा याद्या हव्या तेवढ्या सापडतात. सूर्यप्रकाशाला पृथ्वीवर यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो, वगैरे. सगळं खरं आहे. पण मुलं ते ऐकतात, "हो का!" म्हणतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात, कारण चंद्र किती सरकतो याबद्दल कुणाचं आधीपासून काही मतच नसतं. थक्क व्हायचं तर आधी स्वतःचं उत्तर चुकावं लागतं. म्हणून खालच्या बहुतेक गोष्टी अशा निवडल्या आहेत, की प्रश्न विचारला की अर्ध्याहून जास्त वर्ग आत्मविश्वासाने चुकतो. प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा आणि मगच प्रयोग करायचा. तोंडी अंदाज घेऊ नका. उत्तर कळल्यावर "मी हेच म्हणत होतो" म्हणणारे खूप निघतात.

आरशापासून मागे गेलं तर जास्त दिसतं का?

साधारण ३० सेंटिमीटर उंचीचा सपाट आरसा भिंतीवर लावा आणि एका मुलाला समोर अर्ध्या मीटरवर उभं करा. डोक्यापासून खाली कुठपर्यंत अंग दिसतं ते त्याने सांगायचं. आता प्रश्न: तो ३ मीटर मागे गेला तर जास्त दिसेल, कमी दिसेल की तेवढंच? जवळपास सगळे "जास्त" लिहितात.

उत्तर आहे तेवढंच. सपाट आरसा आपल्याला आपलं अंग त्याच्या उंचीच्या बरोबर दुप्पट दाखवतो, अंतर काहीही असो. ३० सेंटिमीटरच्या आरशात ६० सेंटिमीटर अंग दिसणार. प्रतिमा आरशामागे आपल्याइतक्याच अंतरावर असते, म्हणजे आरसा नेहमी डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्यावर येतो. मागे गेल्यावर आरसा लहान दिसतो, पण प्रतिमाही त्याच प्रमाणात लहान दिसते. म्हणून पूर्ण अंग बघायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ७५ सेंटिमीटरचा आरसा पुरे, पण तो योग्य जागी हवा. वरची कड डोळे आणि माथा यांच्या मध्यावर, आणि खालची कड डोळ्यांच्या जमिनीपासूनच्या उंचीच्या निम्म्यावर.

हा प्रयोग फसतो तो आरसा कललेला असला की. आरसा १ अंशाने कलला तर परावर्तित किरण २ अंशांनी वळतो. ३ मीटरवर हा फरक सुमारे १० सेंटिमीटरचा होतो, अर्ध्या मीटरवर मात्र जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचा. मग मागे गेल्यावर खरोखरच जास्त किंवा कमी दिसतं आणि वर्ग म्हणतो, "बघा, आम्ही बरोबर होतो." ओळंबा लावून आरसा उभा आहे याची खात्री करा. दुसरी अडचण म्हणजे मूल मागे जाताना मान पुढे काढतं किंवा वाकतं. दिसणाऱ्या शेवटच्या जागी अंगावर चिकटपट्टी लावून ठेवली, तर वाद लगेच मिटतो.

याचंच घरी करायचं रूप: वाफ धरलेल्या आरशात एक डोळा मिटून आपल्या चेहऱ्याची बाह्यरेषा बोटाने काढा आणि मोजा. ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरते. आरशापासून किती लांब उभे होतात, याने काही फरक पडत नाही.

मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की पाणी का चढतं?

याला जास्त जागा देतो, कारण हा प्रयोग सगळीकडे दाखवला जातो आणि त्याचं चुकीचं स्पष्टीकरणही सगळीकडे शिकवलं जातं. पसरट ताटलीत दीड-दोन सेंटिमीटर रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. "ज्योतीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून पाणी साधारण एक पंचमांश चढतं." ऐकायला फारच सुबक. पण चूक.

पहिलं म्हणजे ऑक्सिजन संपतच नाही. बंद जागेतली मेणबत्ती विझते तेव्हा आत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतो. दुसरं, जो वापरला जातो तो नाहीसा होत नाही. मेण जळताना दर तीन रेणू ऑक्सिजनमागे साधारण दोन रेणू कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सोबत तयार होणारी पाण्याची वाफ थंड होऊन द्रवरूप होते. म्हणजे वायूची निव्वळ घट वापरलेल्या ऑक्सिजनच्या एक तृतीयांश. पाच टक्के ऑक्सिजन वापरला तर घट दोन टक्क्यांहूनही कमी. मिनिटाभरात पाण्यात विरघळणारा कार्बन डायऑक्साइड फार नसतो. मग पाणी त्याच्या कितीतरी पट का चढतं?

तापमानामुळे. ग्लास खाली आणताना ज्योतीभोवतालची तापलेली, पसरलेली हवा आत अडकते. ती अजून तापते आणि काही हवा कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. आतली हवा सरासरी ८० अंश सेल्सियसवरून ३० अंशांवर आली, तर केल्विन मापात ती ३५३ वरून ३०३ वर येते, म्हणजे आकारमान सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. हिशोब जुळला.

वर्गात हे पटवायला तीन खुणा पुरतात. एक, पाणी चढण्याची वेळ बघा. ज्योत जळत असताना ते थोडंसंच हलतं, मोठी उडी विझल्यानंतर येते. दोन, एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी स्पष्टपणे जास्त चढतं. ऑक्सिजनवाल्या स्पष्टीकरणाला याचं उत्तर देता येत नाही. तीन, मेणबत्ती काढूनच टाका. ग्लास गरम पाण्याने भरून मिनिटभर ठेवा, पाणी ओता आणि लगेच गार पाण्याच्या ताटलीत पालथा घाला. काहीही न जळता पाणी चढतं. (यात वाफ थंड होण्याचाही वाटा आहे, तेही सांगा.)

व्यवहारातल्या गोष्टी: ज्योतीचं टोक आणि ग्लासाचा तळ यांत निदान ५ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर तळ एका ठिकाणी तापून ग्लास तडकतो. बोरोसिलिकेट काचेचं (उष्णता सोसणाऱ्या, प्रयोगशाळेतल्या काचेचं) भांडं सर्वांत चांगलं. मेणबत्ती ताटलीला वितळलेल्या मेणाने घट्ट बसवा, कारण आत घुसणाऱ्या पाण्याने ती आडवी पडते.

विस्तवाशिवाय पाणी उकळायचं

२० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या. ६० ते ६५ अंश सेल्सियसचं ५ मिली पाणी आत ओढा. टोक वर धरून टिचक्या मारा आणि आतली सगळी हवा बाहेर काढा. टोक टोपीने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. पाणी खळखळून उकळायला लागतं. विस्तव मात्र कुठेच नाही.

द्रवाचा बाष्पदाब, म्हणजे त्यातून निघणाऱ्या वाफेचा दाब, बाहेरच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. ६० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे २० किलोपास्कल असतो, म्हणजे नेहमीच्या वातावरणीय दाबाच्या एक पंचमांश. सिरिंजमध्ये तेवढा कमी दाब हाताने सहज तयार होतो. २० मिलीच्या सिरिंजचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर धरला तर दट्ट्याचं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर. वातावरण प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाएवढं बल लावतं, म्हणजे ओढायला फार तर तीन किलो उचलण्याएवढा जोर लागतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी ७० अंशांच्या आसपास उकळतं, तेही याच कारणाने.

इथे चाणाक्ष मुलं शंका काढतात: "हे उकळणं कशावरून? पाण्यात विरघळलेली हवा बाहेर आली असेल." शंका रास्त आहे. गार पाण्यातही दट्ट्या ओढल्यावर थोडे बुडबुडे येतात आणि त्यात मोठा वाटा विरघळलेल्या हवेचा असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. दट्ट्या सोडून द्या. वाफेचे बुडबुडे क्षणात नाहीसे होतात, कारण वाफ परत पाणी होते. हवेचे बुडबुडे लहान होऊन तसेच राहतात. पहिल्या वेळी बाहेर आलेली हवा टोक उघडून काढून टाका आणि पुन्हा ओढा, म्हणजे उरलेलं उकळणं जवळपास निव्वळ वाफेचं. सुरुवातीला आत हवेचा मोठा बुडबुडा राहिला तर प्रयोग बसतच नाही. तो बुडबुडाच पसरतो आणि दाब पुरेसा उतरत नाही.

दाबाचाच आणखी एक झटपट खेळ. तोंडात दोन स्ट्रॉ धरायच्या, एक पाण्यात आणि दुसरी ग्लासाबाहेर हवेत. कितीही ओढा, पाणी येत नाही. आपण पाणी "ओढत" नसतो. आपण तोंडातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. दुसऱ्या स्ट्रॉने हवा आत येत राहते, मग दाब कमी होणार कसा? (जिभेने दुसऱ्या स्ट्रॉचं तोंड दाबणारे महाभाग प्रत्येक वर्गात असतात. त्यांना आधीच पकडा.)

बर्फ कशावर लवकर वितळेल?

एक जाड अॅल्युमिनियमची ताटली आणि एक लाकडी पाट, दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवलेले. मुलांना हात लावायला सांगा आणि कशाचं तापमान कमी आहे ते लिहायला सांगा. सगळे धातू लिहितात. तापमापी दोन्हीकडे तोच आकडा दाखवतो. आता सारख्या आकाराचे दोन बर्फाचे तुकडे एकेकावर ठेवायचे. "गार" धातूवर बर्फ जास्त टिकेल असा अंदाज येतो. प्रत्यक्षात धातूवरचा तुकडा डोळ्यांदेखत पसरू लागतो आणि लाकडावरचा तसाच बसून राहतो.

अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता लाकडाच्या हजार पटींहून जास्त आहे. हाताची त्वचा साधारण ३३ अंशांची असते. खोलीतला धातू तिच्यातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो, म्हणून गार वाटतो, आणि त्याच वेगाने बर्फाला उष्णता देतोही. स्पर्शाला तापमानापेक्षा उष्णता किती वेगाने येते-जाते हेच जास्त कळतं. धातू जाडच हवा. २० ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ६,७०० ज्यूल लागतात. अर्धा किलोची ताटली १० अंशांनी थंड झाली तर ४,५०० ज्यूल देते, बाकी हवा आणि टेबल देतात. स्वयंपाकघरातला पातळ फॉइल वापरला तर त्यात साठवलेली उष्णता नगण्य असते आणि प्रयोग रटाळ होतो.

पडणारी बाटली

एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीला तळापासून ३ सेंटिमीटरवर ४-५ मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी भरा, झाकण काढून ठेवा. झाकण लावलेलं असेल तर पाणी वेगळ्याच कारणाने थांबतं आणि सगळा मुद्दा बुडतो. भोकातून धार लागलेली असताना बाटली २ मीटर उंचीवरून सोडा. पडायला ०.६४ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ धार बंद असते. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींनी चित्रण केलं तर सुमारे १५० चौकटी मिळतात, सावकाश बघता येतं.

हे काही मुलं ओळखतात. खरा प्रश्न पुढचा: बाटली वर फेकली तर चढताना धार सुरू राहील का? इथे जवळपास सगळे चुकतात. हात सुटल्या क्षणापासून धार बंद होते, बाटली वर जात असतानासुद्धा. हवेचा किरकोळ विरोध सोडला, तर हाताबाहेर पडलेली वस्तू वर जात असो की खाली, ती मुक्त पतनातच असते. पाणी आणि बाटली दोघांचं त्वरण सारखंच, मग पाण्याने तळावर दाब द्यायचा कशाला? फेकताना बाटली फिरू देऊ नका. फिरली की पाणी बाहेर भिरकावलं जातं.

अंतराळ स्थानकातल्या तरंगण्याचा खुलासा इथेच करून टाका. "तिथे गुरुत्वाकर्षण नाही" हे उत्तर चूक आहे. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वीय त्वरण ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, जमिनीवरच्या ८८ टक्के. स्थानक सेकंदाला ७.६ किलोमीटरहून जास्त वेगाने आडवं जात सतत पडतच असतं, पण पृथ्वीचा पृष्ठभागही तितकाच वळत जातो.

वर्गात पाणी सांडायचं नसेल तर पुस्तक आणि कागद घ्या. पुस्तकापेक्षा किंचित लहान कापलेला कागद पुस्तकावर ठेवून दोन्ही सोडले, तर कागद पुस्तकाबरोबरच पडतो, कारण हवा बाजूला सारायचं काम पुस्तक करतं. हवाच नसेल तर पुस्तकाचीही गरज नाही. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, दोन्ही एकाच वेळी खाली पोचली.

सापडणार नाही अशी पट्टी

१५ सेंटिमीटर लांब जाड कागदाची पट्टी एकाने वरच्या टोकाला धरायची. दुसऱ्याने बोट आणि अंगठा पट्टीच्या मध्याशी, न टेकवता, एक-दोन सेंटिमीटर अंतरावर उघडे ठेवायचे. पट्टी सुटली की पकडायची. जवळजवळ कुणालाही जमत नाही. बोटांखाली उरलेली साडेसात सेंटिमीटर लांबी पडायला ०.१२ सेकंद लागतात आणि डोळ्याने पाहून हात हलवायला साधारण ०.२ सेकंद.

मग ३० सेंटिमीटरची मोजपट्टी घ्या. शून्याची खूण बोटांशी ठेवा आणि पकडली त्या जागेचा आकडा वाचा. १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३. अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही. वेळ अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून सापडतं. १० सेंटिमीटरच्या आत कुणी पकडली तर ते आकडे सोडून द्या. त्याने सोडणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखलेलं असतं. शेवटी डोळे मिटून, सोडणाऱ्याने "हं" म्हणायचं, असं करून बघा. बहुतेकांचा वेळ कमी भरतो. प्रकाश आवाजापेक्षा लाखो पट वेगवान, तरी कान डोळ्याला हरवतो, कारण डोळ्याच्या पडद्यावरची रासायनिक प्रक्रिया संथ असते. फक्त "हं" आणि सोडणं एकाच क्षणी व्हायला हवं, आणि ते जमायला सराव लागतो.

रीळ कुठे पळेल?

मोठ्या कडांचं रीळ घ्या, ज्याचा मधला दांडा कडेच्या निम्म्या त्रिज्येचा आहे. धागा दांड्याच्या खालच्या बाजूने बाहेर येईल असं जमिनीवर ठेवा आणि धागा आडवा, हळू ओढा. रीळ हाताकडे येईल की लांब जाईल? "धागा उलगडणार, म्हणून लांब जाईल" हे लोकप्रिय उत्तर. पण रीळ हाताकडे येतं आणि धागा उलट गुंडाळत येतं.

आता धागा हळूहळू वर उचलत ओढा. एका कोनाला रीळ गोंधळतं, न फिरता घसरतं. त्याहून उभा ओढला की लांब पळतं. निम्म्या त्रिज्येच्या दांड्यासाठी हा कोन जमिनीशी ६० अंशांचा असतो. रीळ ज्या बिंदूवर जमिनीला टेकतं तोच त्याचा त्या क्षणाचा आस. धाग्याची रेषा मागे वाढवून बघा. ती टेकण्याच्या बिंदूच्या मागे जमिनीला भेटत असेल तर रीळ हाताकडे, बरोबर बिंदूतून जात असेल तर घसरण, आणि पुढे भेटत असेल तर लांब. ही रेषा फळ्यावर काढली की सूत्राशिवायही मुलांना कळतं. गुळगुळीत फरशीवर प्रयोग बिघडतो, खाली जाड कापड अंथरा. धागा दांड्याच्या मध्यावरच गुंडाळलेला हवा, नाहीतर रीळ तिरकं वळतं.

याचा मोठा भाऊ म्हणजे सायकल. कुणीतरी सीटला हलकेच धरून ती उभी ठेवायची, एक पायडल अगदी खाली. त्या खालच्या पायडलला दोरी बांधून मागे ओढायचं. पाय तर असाच मागे ढकलतो, मग सायकल पुढे जाणार? नाही, मागे येते. पायडलच्या एका फेऱ्यात पायडल सायकलच्या सापेक्ष साधारण १ मीटर फिरतं, पण सायकल ४-५ मीटर जाते. त्यामुळे जमिनीच्या सापेक्ष पायडल सायकलच्याच दिशेने जातं. स्वार बसलेला असताना गोष्ट वेगळी: त्याचा पाय जमिनीऐवजी सायकलच्याच आधाराने ढकलत असतो. सीट धरणाऱ्याने नकळत ढकलू नये, एवढं बघा.

तांब्याच्या नळीतला चुंबक

तांबं चुंबकाला चिकटत नाही, हे आधी दाखवा. मग १ मीटर लांब, जाड भिंतीची तांब्याची नळी उभी धरा आणि तिच्या आतल्या व्यासापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी व्यासाचा निओडिमियम चुंबक (लहान पण फार शक्तिशाली) वरून सोडा. मोकळा पडला असता तर ०.४५ सेकंदांत खाली आला असता. नळीतून तो तरंगत आल्यासारखा कित्येक सेकंदांनी येतो. हलत्या चुंबकामुळे नळीत वर्तुळाकार विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते चुंबकाच्या गतीला विरोध करतात. थांबवू मात्र शकत नाहीत, कारण चुंबक थांबला की प्रवाहही थांबतो. साधा काळा फेराइट चुंबक किंवा पातळ नळी घेतली तर परिणाम फिका पडतो. लोखंडी नळीला तो सरळ चिकटतो. निओडिमियमचे चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्यांना चिमटा बसून जिवावर बेतू शकतं.

नववी-दहावीच्या मुलांसाठी यावर एक सुंदर प्रश्न आहे. नळी ताणकाट्याला टांगली आणि चुंबक आतून एकसारख्या वेगाने उतरतो आहे. नळीला तो कुठे टेकलेला नाही. काटा काय दाखवेल? नळी अधिक चुंबक, दोघांचं पूर्ण वजन. वेग एकसारखा म्हणजे चुंबकावरचं निव्वळ बल शून्य. नळी त्याला त्याच्या वजनाएवढ्या बलाने वर ढकलते, म्हणून तोही नळीला तेवढ्याच बलाने खाली ढकलतो.

पेला गाणं बदलतो

जाड कपात गरम पाणी घ्या, त्यात दोन चमचे बारीक मीठ किंवा कॉफी पूड टाकून ढवळा आणि लगेच चमच्याच्या टोकाने कपाच्या तळावर, आतून, एका लयीत टकटक करत राहा. सूर आधी खूप खाली असतो आणि मिनिटभरात चढत चढत काही सप्तकं वर जातो. पुन्हा ढवळा, पुन्हा खाली. फ्रँक क्रॉफर्ड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९८२ साली यावर लेख लिहिला, तेव्हापासून याला हॉट चॉकलेट परिणाम म्हणतात.

कारण बारीक बुडबुडे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, हवेत ३४३. मिश्रणात तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी असेल असं वाटतं ना? पण पाण्यात आकारमानाने फक्त १ टक्का हवेचे बुडबुडे असतील, तर वेग १०० मीटरच्या आसपास येतो, म्हणजे दोघांपेक्षाही कमी. मिश्रणाचं वस्तुमान पाण्याइतकं राहतं आणि दबण्याचा गुण हवेचा येतो. बुडबुडे निघून गेले की वेग वाढतो आणि सूर चढतो. टकटक कपाच्या बाजूवर केली तर कपाचाच आवाज येतो आणि फरक कळत नाही.

करून न बघता सांगायच्या दोन गोष्टी

यांचा प्रयोग वर्गात होत नाही, पण अंदाज इतके हमखास चुकतात की वगळवत नाहीत.

बटण दाबताच दिवा लागतो. तारेतले इलेक्ट्रॉन किती वेगाने पुढे सरकतात? मुलं प्रकाशाचा वेग लिहितात. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर असलेल्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर प्रवाह असेल, तर सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटर, तासाला फक्त २६ सेंटिमीटर. दिवा लगेच लागतो कारण विद्युतक्षेत्र तारेच्या कडेने प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने पसरतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच सरकू लागतात. घरातल्या प्रत्यावर्ती (एसी, सतत दिशा बदलणाऱ्या) प्रवाहात तर ते पुढे जातच नाहीत. एवढ्याच प्रवाहाला, सेकंदाला ५० आवर्तनं असताना, त्यांची मागे-पुढे हालचाल एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) कमी असते.

दुसरी: एक किलो सूर्य जास्त उष्णता तयार करतो की एक किलो माणूस? सूर्याची एकूण शक्ती ३.८ गुणिले १० चा २६ वा घात वॅट, वस्तुमान २ गुणिले १० चा ३० वा घात किलो. भागाकार केला तर किलोमागे ०.०००१९ वॅट. ४० किलोचं मूल स्वस्थ बसलं तरी साधारण ६० वॅट उष्णता देतं, म्हणजे किलोमागे दीड वॅट. माणूस सात-आठ हजार पटींनी पुढे. अगदी सूर्याच्या केंद्राजवळचा भाग धरला तरी निकाल बदलत नाही. सूर्य इतका प्रखर आहे तो आकारामुळे. गोळा मोठा होत गेला की उष्णता तयार करणारं वस्तुमान त्रिज्येच्या घनाने वाढतं आणि ती बाहेर जाऊ देणारा पृष्ठभाग वर्गानेच. हा भागाकार मुलांनाच करू द्या, घातांकांचा सराव आपोआप होतो.

यादीतून काढून टाका

"उत्तर गोलार्धात बेसिनमधलं पाणी नेहमी एकाच दिशेने फिरतं" हे काढा. बेसिनच्या आकाराने आणि पाणी भरताना राहिलेल्या हालचालीने ती दिशा ठरते. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम खरा आहे, पण तो दिसायला १९६२ साली अॅशर शापिरो यांना १.८ मीटर व्यासाची टाकी भरून २४ तास स्थिर ठेवावी लागली आणि मग ती अगदी सावकाश रिकामी करावी लागली.

"काच हा अतिशय संथ वाहणारा द्रव आहे, म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात" हेही काढा. त्या काळी काच बनवण्याच्या पद्धतीमुळेच तुकडे एकसारख्या जाडीचे होत नसत.

"गरम पाणी गार पाण्यापेक्षा लवकर गोठतं" हे मात्र काढू नका, फक्त तथ्य म्हणून सांगू नका. १९६३ साली टांझानियातला शाळकरी मुलगा एरास्टो एम्पेम्बा याने आइस्क्रीम करताना हे पाहिलं आणि १९६९ साली डेनिस ऑस्बॉर्न यांच्यासोबत त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळलेले नाहीत. मोठ्या मुलांना हाच प्रकल्प द्या, पण अटी आधी लिहून घ्या. "गोठलं" म्हणजे पहिला बर्फ दिसला की पूर्ण घट्ट झालं? दोन्ही भांड्यांत वस्तुमान सारखं आहे का, आणि गरम पाण्याची वाफ होऊन किती कमी झालं हे शेवटी वजन करून पाहिलं का? भांडी फ्रीजरमधल्या हिमाच्या थरावर थेट ठेवू नका, कारण गरम भांडं खालचं हिम वितळवून तळाशी घट्ट बसतं आणि त्यामुळेच लवकर थंड होतं. दोन्हींखाली सारखी लाकडी पट्टी द्या, जागा आलटून-पालटून निदान पाच वेळा करा, आणि तापमापीचं टोक प्रत्येक वेळी त्याच खोलीवर ठेवा.